मदत हवी आहे: टेक्सासमध्ये पाच दिवस, काय बघू आणि कुठे खाऊ?

मेतकूट
टेक्सासला पाच दिवस जातोय. काय बघायचं, कुठे खायचं, पटकन सांगा. हॉटेलं आज रात्रीच ठरवायची आहेत. नेटवर शोधून डोकं उठलंय, जिथे तिथे त्याच दहा जागांची यादी. तिथे राहणाऱ्यांनी सांगितलं तर बरं. बार्बेक्यू, टेक्समेक्स (टेक्सास-मेक्सिकन जेवण) यांचंही लिहा.

गल्फवारा
महिना कुठला? विमान कुठे उतरतंय? गाडी घेणार का? सोबत कोण? टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे हो. डॅलस ते ह्यूस्टन २४० मैल, ह्यूस्टन ते सॅन अँटोनिओ २००. एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

डॅलसकर१२
डॅलसलाच राहा, बाकी कुठे धावू नका. केनेडींवर २२ नोव्हेंबर १९६३ ला ज्या इमारतीतून गोळ्या झाडल्या, तिच्या सहाव्या मजल्यावर आता संग्रहालय आहे. तो खिडकीचा कोपरा काचेआड तेव्हासारखाच मांडून ठेवलाय. खाली रस्त्याकडे पाहिलं की अंगावर काटा येतो. फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्सला रोज साडेअकराला आणि चारला लांब शिंगांची गुरं भर रस्त्यातून नेतात. लहान मुलं वेडी होतात. खायला अर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्को या जवळच्या गावांत जा. आपलं सगळं मिळतं.

मेतकूट
लहान मुलं नाहीत. आईबाबा आहेत, पुण्याहून आलेत, मी एडिसनला (न्यू जर्सी) असते. मार्चचा शेवटचा आठवडा. गाडी घेणार. उतरणार ह्यूस्टनला, परतही तिथूनच.

गल्फवारा
हे आधी लिहायचं ना! मग डॅलस सोडा. ह्यूस्टन, सॅन अँटोनिओ, ऑस्टिन आणि परत ह्यूस्टन, असा त्रिकोण करा. सॅन अँटोनिओ ते ऑस्टिन जेमतेम ८० मैल आहे.

डॅलसकर१२
का सोडायचं? तासाभराचं विमान आहे. शिवाय अर्लिंग्टनला कल्पना चावला ज्या विद्यापीठात शिकली तिथल्या एका वसतिगृहाला तिचं नाव आहे. मी माझ्या आईला ते दाखवलं तेव्हा ती पाटीसमोर पाच मिनिटं नुसती उभी होती.

गल्फवारा
जागा चांगलीच आहे, वाद नाही. पण सत्तरीच्या माणसांना पाच दिवसांत चार शहरं म्हणजे रोज बॅगा भरायच्या.

हायवे२९०
वेळ अगदी नेमकी निवडलीत. मार्चअखेर ते मध्य एप्रिल ब्लूबॉनेट या निळ्या रानफुलांचा बहर. ऑस्टिनहून परतताना २९० नंबरच्या रस्त्याने या, ब्रेनहॅम आणि चॅपल हिलच्या आसपास कडेची कुरणं निळी झालेली असतात. मात्र फुलांत बसून फोटो काढताना आधी जमीन बघा. माझ्या सासूबाई पदर सावरून बसल्या ती नेमकी फायर अँटच्या (चावऱ्या लाल मुंग्यांच्या) वारुळावर. भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसतो, भोक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पोटरीभर पांढऱ्या तोंडाचे फोड. मोजे आणि बूट हवेतच.

आणि टोल. ऑस्टिनजवळच्या १३० नंबरच्या रस्त्यावर ताशी ८५ मैलांची मुभा आहे, म्हणून हौसेने गेलो. ना नाका, ना पैसे घ्यायला माणूस, सगळं नंबरप्लेटच्या फोटोवर. महिन्याने भाड्याच्या गाडीवाल्यांनी टोलच्या तिप्पट ‘सेवा शुल्क’ कापलं. गाडी घेतानाच विचारून घ्या, नाहीतर मॅपमध्ये ‘टोल टाळा’ करा.

शंकानिरसन
आईवडिलांचा व्हिजिटर विमा काढलाय का? आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा. आमच्याकडे काय झालं ते सविस्तर लिहितो…

मेतकूट
विमा आहे हो. कृपया सहलीबद्दल लिहा. खाण्याचं कुणीच नीट सांगितलं नाही.

चुलीवरचं
बार्बेक्यू खायचं तर लॉकहार्टला जा, ऑस्टिनपासून अर्ध्या-पाऊण तासावर. क्रॉइट्झ, ब्लॅक्स, स्मिटीज, तिन्ही नावाजलेली. ब्रिस्केट बारा-बारा तास ओकच्या धुरावर. खाटकाच्या कागदावर वजनावर देतात, हाताने खायचं. ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यूसमोर सकाळपासून रांग असते, वडीलधाऱ्यांना तिथे उभं करू नका.

पारिजातक
मेतकूट, आईबाबा काय खातात ते तुम्ही लिहिलंच नाहीये. ब्रिस्केट म्हणजे गोमांस, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

मेतकूट
आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबा चिकन, मासे खातात, बीफ नाही. मला वाटलं हे धरूनच चालाल.

पारिजातक
मग नीट वाचा, मी यात पोळलेय. टेक्समेक्समध्ये ‘बीन्स आणि भात’ दिसला की आपण निर्धास्त होतो. रिफ्राइड बीन्स बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, भात चिकनच्या पाण्यात शिजवतात, मैद्याच्या टॉर्टियातही (पोळीतही) चरबी असू शकते. चीज एन्चिलाडावरच्या तपकिरी ग्रेव्हीत बरेचदा खिमा असतो. ‘व्हेज आहे का’ असं विचारू नका, हो म्हणतात. ‘लार्ड (डुकराची चरबी) आहे का, चिकन ब्रॉथ आहे का’ असं एकेक विचारा. ब्लॅक बीन्स, मक्याच्या टॉर्टिया, ग्वाकामोले, भाज्यांचे फहिता, यावर आईंचं जेवण होईल, पण तेही विचारूनच. बार्बेक्यूवाल्यांकडे बाबांना टर्की मिळेल. सॉसेजमध्ये बहुधा बीफ असतं. तिथल्या साइडच्या बीन्समध्येही मांसाचे तुकडे सापडतात.

चुलीवरचं
आईंना कोलाचे खायला द्या की. चेक लोकांनी आणलेला गोड बन, वर जर्दाळू नाहीतर खसखस.

पारिजातक
त्याच्या पिठात अंडं असतं.

हायवे२९०
आणि आत सॉसेज असेल तर तो कोलाचे नव्हे, क्लोबास्नेक. इथले चेक लोक यावर फार आग्रही आहेत.

गल्फवारा
ह्यूस्टनमध्ये आईंची काळजीच नको. हिलक्रॉफ्टच्या परिसराचं नावच महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट आहे. थाळी, चाट, फरसाण, साड्या, सगळं एका रस्त्यावर. स्टॅफर्डचं स्वामीनारायण मंदिरही बघा, २००४ मध्ये झालेलं, दगड भारतात कोरून आणून इथे जोडलेत.

सॅन अँटोनिओच्या वाटेवर ल्युलिंगला बक-ईज लागेल. पेट्रोल पंपच, पण दुकान ७५,००० चौरस फुटांचं. सांगण्याचं खरं कारण म्हणजे तिथली स्वच्छतागृहं. ज्येष्ठांना घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्याला त्याची किंमत कळते.

सॅन अँटोनिओला अलामो बघा (टेक्सासची मेक्सिकोशी १८३६ ची लढाई झाली ते जुनं मिशन), आत जायची वेळ आधी राखून ठेवा. संध्याकाळी रिव्हरवॉकची बोट, बसूनच सगळं दिसतं. मला अलामोपेक्षा मिशन सॅन होजे हे जुनं स्पॅनिश चर्च जास्त आवडतं, शांत आहे, प्रवेश फुकट. ऑस्टिनला गुलाबी ग्रॅनाइटचं कॅपिटल (राज्याचं विधानभवन) आणि सूर्यास्ताला काँग्रेस ॲव्हेन्यूच्या पुलाखालून निघणारी वटवाघळं. मार्चमध्ये ती नुकतीच परतू लागतात, उन्हाळ्यातले १५ लाखांचे थवे दिसणार नाहीत. त्यासाठी मुद्दाम थांबू नका.

मेतकूट
आता कुठे उपयोगाचं! मनापासून आभार. ह्यूस्टनच्या नासाला अर्धा दिवस पुरेल का? ही सगळी सहल खरं तर त्यासाठीच आहे. २१ जुलै १९६९ च्या सकाळी वाईच्या शाळेत गुरुजींनी टेबलावर रेडिओ ठेवून चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी ऐकवली होती. बाबा तेरा वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं कात्रण त्यांनी इथेही आणलंय, घड्यांवर चिकटपट्टी लावून लावून पिवळं पडलंय. त्यांचा एक गुडघा दुखतो.

गल्फवारा
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं तुम्ही! अर्धा नाही, पूर्ण दिवस द्या. चंद्रावर नेणारं सॅटर्न पाच रॉकेट ३६३ फूट लांब, आडवं ठेवलंय, त्याच्या कडेने चालत जाता येतं. इंजिनांची घंटेसारखी तोंडं बघून त्यांना बोलायला सुचणार नाही. आणि ऐतिहासिक मिशन कंट्रोल (जिथून चांद्रमोहीम चालवली ती खोली) चुकवू नका. २०१९ मध्ये ते १९६९ सारखं हुबेहूब लावलंय, टेबलांवर कॉफीचे कप, ॲशट्रे तसेच. पाहुण्यांच्या जुन्याच खुर्च्यांत आपल्याला बसवतात. त्याचं तिकीट वेगळं, आधीच काढा. एकच अडचण, ८७ पायऱ्या चढाव्या लागतात. तिकीट काढतानाच गुडघ्याचं कळवा.

डॅलसकर१२
गल्फवारा यांच्याशी सहमत. यासाठी डॅलस सोडलंत तरी चालेल. पहिल्या वेळेचं तिकीट घ्या, नंतर शाळांच्या सहलींची गर्दी होते.

मेतकूट
मंगळवारची सकाळची पहिली वेळ मिळाली. हॉटेलंही झाली: ह्यूस्टन दोन रात्री, सॅन अँटोनिओ एक, ऑस्टिन एक. बाबांना ८७ चा आकडा सांगितला. म्हणाले, सोमवतीला जेजुरी चढलो, प्रत्येक दीपमाळेपाशी बसत बसत, तसाच चढेन.
कात्रण बरोबर न्यायचं म्हणताहेत. बॅगेत चुरगळू नये म्हणून काय करू?

पारिजातक
दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, वर झिपची पिशवी. हातातल्या बॅगेत, लॅपटॉपच्या कप्प्यात. गाडीत उन्हात ठेवू नका.