मदत हवी आहे: पुण्यातल्या कासव मेळाव्याला आमच्या भीमाला न्यावं का?

कळंबेकरीण:
नमस्कार मंडळी,

आमच्याकडं सुलकाटा जातीचं कासव आहे, आफ्रिकेतलं. नाव भीमा. घर कळंब्याच्या बाजूला, मागं परडं आहे, तिथंच त्याचा मुक्काम. परवा गल्लीतल्या वाण्याच्या काट्यावर ठेवला तर १४ किलो भरला. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी सरकारचं परिवेश पोर्टल आहे, तिथं रीतसर नोंदणी झालेली आहे, त्यामुळं 'हे बेकायदेशीर आहे' म्हणून कुणी धावून येऊ नका.

तर २३ मे हा जागतिक कासव दिन. त्याच्या आसपासच्या रविवारी पुण्यात कासव पाळणाऱ्यांचा मेळावा ठरतोय. एक हॉल, एका प्राण्यांच्या डॉक्टरांचं बोलणं, मग गप्पा, जेवण, आणि ज्याला जमेल त्यानं आपलं कासव घेऊन यायचं. सगळ्यात वजनदार कासवाला बक्षीस आहे म्हणे. आमचे अहो तेवढ्यावरच हुरळलेत. "भीमाच नंबर काढणार" असं अर्ध्या कोल्हापूरला सांगून झालंय.

मला जायचं आहेच. इथं सुलकाटा पाळणारं दुसरं कुणी माझ्या ओळखीत नाही, आणि दरवेळी इंटरनेटवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून आपल्या पावसाळ्याचं काय करायचं ते कळत नाही. पण भीमाला न्यायचं की नाही यावर घरात दोन तट पडलेत. मे महिना, गाडीचा एसी यथातथाच, आणि महामार्गाच्या सहापदरीकरणामुळं कुठं किती वेळ अडकू सांगता येत नाही. घरी ठेवावा तर सासूबाई त्याला दूध-पोळी घालतात. "मुकं जनावर, उपाशी बघवत नाही" म्हणतात.

आणखी दोन गोष्टी. एक, मेळाव्याच्या ग्रुपवर एकजण खासगीत मेसेज करून 'स्टारचं (म्हणजे पाठीवर चांदण्या असलेल्या स्टार कासवाचं) पिल्लू हवं का, तिथंच देतो' असं विचारतोय. दोन, फोटोंचं काय करावं? मागं मी भीमाचा फोटो स्टेटसला टाकला होता, तर दोन अनोळखी माणसं दारात हजर. एकानं उकिडवं बसून सरळ त्याचा मागचा पाय ओढला आणि अंगठ्यानं एकेक नख मोजायला लागला. २१ नखांचं कासव म्हणजे पैशांचा पाऊस, हे डोक्यात बसलेलं. वैशाख पौर्णिमेला कूर्म जयंती म्हणून शेजारच्या मावशी येऊन हळदकुंकू वाहतात ते मी चालवून घेते (नंतर पुसायचं काम माझंच), पण हे भलतंच.

अशा मेळाव्यांना गेलेलं कुणी आहे का इथं?

पेठेतला:
ताई, आधी हे सांगा, भीमाची नखं भरली किती?

कळंबेकरीण:
१८. पुढच्या पायांना पाच-पाच, मागं चार-चार. त्या माणसानं दोनदा मोजली, तोंड पाडून गेला.

पर्वतीपायथा:
मी जातो अशा मेळाव्यांना. खरं सांगू का, जनावरं आणलेली असतात तो भाग सगळ्यात कंटाळवाणा. बिचारी परक्या फरशीवर अंग चोरून बसतात, लहान पोरं वरून टकटक करतात. मजा असते ती माणसांत. कोण कुठला दिवा वापरतो, पावसाळ्यात खोली कोरडी कशी ठेवतो, कुणाच्या कासवाच्या पाठीवर उंचवटे का आले, यावर तास-दोन तास जातात. एक काका दर महिन्याच्या वजनाची वही घेऊन येतात, तिच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी.

वजनाच्या बक्षिसाच्या मी विरोधात आहे. त्यापायी लोक भरमसाट खायला घालतात. आणि सुलकाटाचे दोन नर समोरासमोर आले की संपलं. त्यांच्या गळ्याखाली कवचाचा जो नांगराच्या फाळासारखा भाग पुढं आलेला असतो, तो दुसऱ्याच्या खाली घालून ते त्याला उलथा पाडतात. आयोजक म्हणतील 'काही होत नाही'. होतं.

मिरजमळा:
मी पशुवैद्य आहे. माझं मत स्पष्ट आहे, भीमाला नेऊ नका.

उष्णता हे कारण आहेच. कासवाला घाम येत नाही. बंद गाडी तापली की तोंडाला फेस येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. पण मला त्याहून मोठी काळजी संसर्गाची आहे. कासवांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचे जिवाणू असतात. नाकातून पाणी, नाकपुडीवर बुडबुडे, सुजलेले डोळे अशी लक्षणं दिसली तर निदान ओळखता तरी येतं. पण कितीतरी कासवं वरून ठणठणीत असतात आणि रोग अंगात वागवतात. हर्पिसचंही तसंच. भूमध्य समुद्राकडच्या काही जातींना त्याचा फारसा त्रास होत नाही, तोच विषाणू शेजारच्या दुसऱ्या जातीला लागला तर जीव घेतो. निसर्गात ही जनावरं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, तुमचा भीमा तर सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला. मेळाव्यात मात्र तीन खंडांतली कासवं एकाच सतरंजीवर. नवीन कासव घरात आणलं तरी निदान तीन महिने वेगळं ठेवायला सांगतो आम्ही.

सासूबाईंना दूध-पोळीवरून बोलू नका, पर्याय द्या. परड्यातली हरळी, जास्वंदीची पानं, तुतीची पानं, नागफणीचा काटे काढलेला तुकडा. सकाळीच काढून पाटीत ठेवलं की त्यांनाही घातल्याचं समाधान. दूध त्याला पचत नाही, पोळीनं वजन वाढेल आणि कवच बिघडेल.

आणि मुलं सोबत नेणार असाल तर एक सांगतो. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत लहान मुलांना त्याची लागण होत होती म्हणून १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवरच बंदी घातली. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, कासवाची पापी घ्यायची नाही.

ऱ्हाईनकाठी:
मूळचा राजारामपुरीचा, सध्या जर्मनीत. इथं हॅम नावाच्या गावात वर्षातून चार वेळा सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार भरतो, जगभरात नाव आहे त्याचं. मी कुतूहलानं गेलो होतो. टेबलांच्या रांगा, त्यावर भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे डबे, डब्यात जनावर, वर किमतीची चिठ्ठी. आपल्याकडचा मेळावा यापेक्षा कितीतरी माणुसकीचा वाटतोय मला.

पण एक गोष्ट शिकण्यासारखी दिसली. काही जातींच्या कासवांच्या विक्रीला कागद सक्तीचा, आणि ५०० ग्रॅमच्या आतल्या पिल्लाला चिप टोचत नाहीत. त्याची ओळख म्हणजे पाठीच्या आणि पोटाच्या कवचाचे फोटो. पोटावरच्या शिवणी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. विकणारा फोटो पुढं करतो, घेणारा पिल्लू उलटं धरून शिवण अन् शिवण जुळवून बघतो. ताई, तुम्ही भीमाचे असे फोटो काढून छापून न्या. शेजारी पट्टी ठेवायची, उजेड तिरका. डॉक्टरला दाखवायलाही उपयोगी, आणि उद्या कुणी उचलून नेलाच तर तो तुमचाच हे सांगता येईल.

पर्वतीपायथा:
+१. आणि स्टेटसला टाकायचेच असतील तर घराचं फाटक, गल्ली, गाडीचा नंबर फोटोत येऊ देऊ नका. मोबाइलमधलं लोकेशन बंद करा.

मिरजमळा:
स्टार कासवाच्या त्या मेसेजबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ते आपल्या इथलं वन्य कासव, पाळायला परवानगी नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातही आहे, त्यामुळं 'बाहेरून आणलंय' ही थाप चालत नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. आयोजकांच्याही कानावर घाला. असा एक माणूस हॉलमध्ये सापडला तर नोंदणी करून पाळणारे सगळेच चौकशीत अडकतील.

पेठेतला:
माझं जरा वेगळं. एवढी हौस आहे तर मार्चमध्ये वेळासला जाऊन या. मंडणगड तालुका, घरगुती राहणं-जेवण, आणि ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून समुद्रात जाताना बघायची. सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी गावाला धरून ते काम उभं केलं. तिकडची कासवं समुद्रातली, भीमाच्या पावसाळ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, ते मान्य. पण दादांचं बक्षिसाचं खूळ उतरेल.

कळंबेकरीण:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद अहोंना मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्यांदा 'मर्दा, एका दिवसात काय होतंय' झालं, मग गळ्याखालच्या फाळाचं वाचून गप्प बसले, कारण भीमानं परड्याचं पत्र्याचं दार तसंच उचकटलंय. तेव्हा भीमा घरी, आम्ही दोघं पुण्याला. फोटो आणि वजनाची वही नेतोय. १९२६ ला फोन केला, स्क्रीनशॉट मागितलेत.

डॉक्टर, एक शेवटचं. तिथं दुसऱ्यांची कासवं हातात घेतली जाणारच. परत आल्यावर काय काळजी घ्यायची?

मिरजमळा:
कपडे बदला, आंघोळ करा, मगच परड्यात जा. पिशवी, मोबाइल पुसून घ्या. चपला बाहेरच.

कळंबेकरीण:
चपलासुद्धा? अहोंच्या कोल्हापुरी आहेत, धुवायच्या कशा?

मिरजमळा:
धुऊ नका, चामडं जाईल. त्या दिवशी रबरी चप्पल घालून जायला सांगा, ती जंतुनाशकात बुडवता येते.