"चहा सुटत नाही त्याचं वजन काय सुटणार?" म्हणे!

खामल्याचा आठकप

परवा आपल्या वजन-सर्जरीच्या ग्रुपमध्ये एका भाऊंची पोस्ट फिरत आली. "वजनाच्या सर्जरीआधी महिनाभर चहा-कॉफी एका झटक्यात बंद करा. ज्याला चहा सुटत नाही त्याचं वजन काय सुटणार? अशांनी सर्जनचा वेळ खाऊ नये." खाली नुसते अंगठे आणि जोडलेले हात. मी दोन दिवस गप बसलो. आज राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो. लांब होईल, ज्याला वाचायचं नाही त्यानं पुढे जावं.

माझी स्लीव्ह, म्हणजे पोट कापून लहान करायची सर्जरी, गेल्या डिसेंबरात झाली. वजन १२८, शुगर, रात्री नाकाला मशीन, सगळा जामानिमा. आणि चहा दिवसाला आठ. उठल्यावर एक, अंघोळीनंतर एक, मग हिंगणा एमआयडीसीत गेटबाहेरच्या टपरीवर दर दीड तासानं. कपाला ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन धरलं तर रोजचे २४० ते ४०० झाले.

ऑपरेशनची तारीख खरं तर नोव्हेंबरची होती. चहा बंद आणि दोन आठवडे लिव्हर डाएट, म्हणजे लिव्हर लहान करायचा मोजका आहार, असं सांगितलेलं. मी दोन्ही एकाच सोमवारी सुरू केलं, याच भाऊंसारख्या एकाचं ऐकून. मंगळवारी दुपारी डोकं चढलं. भुवयांपासून मानेपर्यंत कोणी ओला पंचा पिळून बांधल्यासारखं. बुधवारी मोबाइलचा उजेड सहन होईना. रात्री अकराला किचनमध्ये अंधारात चहापत्तीचा डबा उघडून नुसता वास घेत उभा होतो, तर बायकोनं लाइट लावला. तिला वाटलं बिस्किटं शोधून राहिला. भांडण झालं ते त्या बिस्किटांवरून, जी मी खाल्लीच नव्हती. शुक्रवारी मात्र खरंच सुटलो. पोहे, दोन प्लेट, वरून तर्री.

म्हणजे चहा सोडण्याच्या मर्दुमकीत मोडलं काय, तर लिव्हर डाएट. लिव्हर चरबीनं फुगलेलं असतं, दुर्बिणीतून काम करताना ते उचलून धरावं लागतं, म्हणून ते आधी लहान करतात. चहापेक्षा ते कितीतरी महत्त्वाचं. तारीख डिसेंबरात गेली ती माझ्याचमुळे.

दुसऱ्या वेळी आधी चहा उतरवला. दर तीन दिवसांनी एक कप कमी, शून्यावर आलो तेव्हा डोकं जागेवर. मग डाएट. यात इच्छाशक्ती कुठून आली? कॅफीन डोक्यातल्या रक्तवाहिन्या आकसून ठेवतं, अचानक तोडलं की त्या फुगतात आणि ठणकतात. एवढंच.

३८ किलो खाली

माझ्याच पोस्टवर लिहायचं आणि "एका भाऊंची" म्हणायचं. नाव घ्यायला काय झालं?

मी ३८ किलो उतरवलेत, फोटो आहेत. मी एका दिवसात सोडला. डोकं दुखलं, तीन दिवस दुखलं, कुणाला सांगत बसलो नाही. थोडा-थोडा सोडणारे लोक मी खूप पाहिले. आज अर्धा, उद्या पाव, परवा "पाहुणे आले होते". तुमच्या पोह्यांचा दोष माझ्या पोस्टवर ढकलू नका.

चहावाल्याची बायको

३८ किलो भाऊंना पूर्ण पाठिंबा. आमच्या घरी "दर तीन दिवसांनी एक कप कमी" चार महिने चाललं. कप कमी झाले आणि कपाचा आकार वाढला. शेवटी मिस्टर स्टीलच्या ग्लासात घेऊन "एकच" म्हणायला लागले. मी पातेलंच लपवलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही, तिसऱ्या दिवशी सुटला.

रात्रपाळी सिस्टर

मी वॉर्डातलं सांगते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंट डोकं धरून बसतो. आम्ही बीपी बघतो, शुगर बघतो, सलाईन बघतो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन जातो. आणि शेवटी नातेवाईक हळूच म्हणते, "सिस्टर, हे रोज दहा चाय पिऊन राहिले होते बाप्पा, परवापर्यंत." अरे मग आधी सांगा ना! शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांनी दुखणं सुरू होतं, एक-दोन दिवसांत जोरात येतं, आठवडाभरही रेंगाळतं. नेमकं ऑपरेशनच्या मुहूर्तावर.

म्हणून आधी सोडायला सांगतात. हळू सोडा नाही तर झटक्यात, आमचं काही म्हणणं नाही. फक्त डोकेदुखी घरी उरकून या. आणि किती कप पिता ते खरं सांगा, आम्ही सासूबाई नाही.

अजून एक. रिकाम्या पोटी या म्हटलं की लोक दुधाचा चहा घेऊन येतात, "पातळच तर आहे". दूध पोटात अन्नासारखं थांबतं, त्याला सहा तास लागतात.

पुरावा कुठाय

सिस्टरचं मान्य. पण भाऊंच्या पोस्टमध्ये पुढे "चहानं टाक्यांवर अल्सर होतो" असं ठोकून दिलेलं आहे, त्याचं काय? पोटाच्या बायपासमध्ये पोट आतड्याला जोडतात, त्या जोडावर अल्सर होण्यात सिगारेट आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचा हात पक्का आहे. चहाचा तितका नाही. तरी चहा सोडलेला माणूस डोकं दुखतं म्हणून रोज तीच गोळी घेतो! ग्रुपमध्ये चहावर चाळीस पोस्टी, तंबाखू-सुपारीच्या खर्र्यावर एक नाही. आपल्या नागपुरात! कारण अर्ध्या जणांच्या खिशात पुडी आहे.

३८ किलो खाली

माझ्या खिशात नाही. आणि अॅसिड वाढतं की नाही चहानं? तेवढं सांगा.

पुरावा कुठाय

वाढतं. कॅफीन काढलेल्या कॉफीनंही वाढतं. मग?

धंतोलीग्रस्त

चहा सोडा, सिगारेट सोडा, दवाखान्यांच्या धंतोलीत गाडी लावायला जागा कुठे ते सांगा आधी. फॉलोअपला तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा गाडी लावून अर्धा किलोमीटर चालत. बीपी मोजलं की वाढलेलं. डॉक्टर म्हणतात कॅफीन कमी करा.

मनीषनगरची मामी

मला एक विचारायचं आहे. माझ्या भाचीचं ऑपरेशन आहे. साखरेचा चहा बंद केला तिनं, पण गुळाचा चालतो ना? आता चौकाचौकात गुळाच्या चहाची दुकानं झालीत, बोर्डावर "आरोग्यदायी" लिहिलेलं असतं.

रात्रपाळी सिस्टर

मामी, गुळाच्या चहात चहापत्तीच असते. कॅफीन तेवढंच.

मनीषनगरची मामी

हो, पण गूळ पौष्टिक असतो. आमच्या सासऱ्यांनी नव्वदीपर्यंत गुळाचाच घेतला, वजन कधी पंचावन्नच्या वर गेलं नाही.

पुरावा कुठाय

सासरे शेतात जात असतील मामी. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. हा तुमचा पौष्टिकपणा.

विदर्भाचा गूळप्रेमी

गुळाला नावं ठेवायची फॅशन आली आहे. गुळात लोह असतं. ऑपरेशननंतर लोह कमी पडतंच, मग देशी उपाय सोडून गोळ्या का गिळायच्या?

पुरावा कुठाय

आणि ते लोह तुम्ही कशात बुडवून पिणार? चहात! ज्याच्यातले टॅनिन लोह नीट शोषू देत नाहीत. लोहाची गोळी आणि चहा यांच्यात निदान तासाभराचं अंतर ठेवायला सांगतात ते उगाच नाही.

विदर्भाचा गूळप्रेमी

तुमच्यासारखे लोक उद्या म्हणतील तीळगूळही घेऊ नका. आपली संस्कृती म्हणजे या लोकांना कॅलरी.

बायपासवाली

इथे तीळगूळ काढलातच, तर माझं ऐका. बायपासला सात महिने झाले होते. नणंदेकडे गेले, तिनं कौतुकानं गुळाचा चहा केला, बिनदुधाचा, गवती चहा घालून, वरून म्हणाली, "तुझ्यासाठी मुद्दाम गूळ जास्त घातला, ताकद येईल." मी सवयीनं मोठे घोट घेतले. पंधरा मिनिटांत छाती धडधड, घामानं ब्लाउज ओला, पोटात कळ. तिच्या दिवाणावर आडवी झाले ती तासभर. नणंद घाबरून माझ्या तळपायाला कांदा चोळून राहिली होती. घरभर कांद्याचा वास, आणि मी मनात म्हणते, डंपिंग यालाच म्हणतात वाटतं. गोड पातळ पदार्थ एकदम आतड्यात उतरला की असं होतं, आहारवालीनं तीनदा सांगितलं होतं.

तेव्हापासून नणंदेकडे मी फक्त पाणी घेते. ती अजून रागावलेली आहे.

विदर्भाचा गूळप्रेमी

साखरेनंही तेच झालं असतं.

बायपासवाली

अहो तेच तर सांगून राहिली!

इतवारीचा पोट्टा

हसू नका राजेहो, एक कबुली. माझ्या बायकोसमोर मी नऊ दिवस चहा सोडला. डोकं दुखलं की सॅरिडॉन. दिवसाला दोन, कधी तीन. डोकं एकदम हलकं! मी सगळ्यांना सांगत फिरलो, चहा सोडणं सोपं आहे. मग मेडिकलवाल्या दोस्तानं पाकिटाच्या मागचं वाचून दाखवलं. एका गोळीत ५० मिलिग्रॅम कॅफीन. म्हणजे मी चहा सोडला नव्हता भाऊ, चहाची गोळी खाऊन राहिलो होतो.

रात्रपाळी सिस्टर

सर्जनला सांगितलं का हे?

इतवारीचा पोट्टा

उद्या सांगतो.

खामल्याचा आठकप

आज सांग बे. गोळ्यांचं खरंच सांग.

गुळावर पुरेसं झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येतो. ३८ किलो भाऊ, तुमचं एवढं कबूल, की काहींना झटक्यातच जमतं. पातेलं लपवणाऱ्या ताईंचंही कबूल, माझ्याही घरी ग्लास मोठा झाला असता. पण "सर्जनचा वेळ खाऊ नये" हे वाक्य वाचून इथला एखादा माणूस लाजेनं कप कमी सांगेल, आणि मग सिस्टर म्हणतात तसा वॉर्डात डोकं धरून बसेल. मला राग त्याचा आहे. आणि चहा कायमचा बंद असंही सगळीकडे नाही. कुठे महिन्यानं परत देतात, कुठे तीन महिने थांबवतात. मी आता सकाळी अर्धा कप घेतो, बिनसाखरेचा, लोहाच्या गोळीपासून लांब. बरा लागत नाही, पण घेतो.

३८ किलो खाली

ठीक आहे. "वेळ खाऊ नये" काढतो, लोकांना एवढं लागत असेल तर. पण झटक्यात सोडण्याच्या मतावर ठाम आहे. मी त्या महिन्यात चहाचा थेंब घेतला नाही. फक्त ग्रीन टी, सकाळ-दुपार-संध्याकाळ.

पुरावा कुठाय

काय?

रात्रपाळी सिस्टर

भाऊ… ग्रीन टी म्हणजे चहाच हो. त्याच झाडाची पानं. कॅफीन थोडं कमी, पण आहे.

चहावाल्याची बायको

म्हणजे यांनीही हळूहळूच सोडला!

खामल्याचा आठकप

मी काही बोलत नाही. मी फक्त बसून आहे.

३८ किलो खाली

पोस्टमध्ये "चहा-कॉफी" ऐवजी "दुधाचा चहा-कॉफी" असं केलं आहे. वजन माझं कमी झालं ते झालंच. धागा बंद करा आता.

मनीषनगरची मामी

बंद करण्याआधी गुळाचं काय ठरलं ते सांगा, भाचीचा फोन चालू आहे.