लॉफ्टस-पामर: ते ३४ जण कुठे गेले?

बरेच जण म्हणतात की लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या प्रयोगाने साक्षीदाराची आठवण पार बिनकामाची ठरवली. अहो थांबा, आकडे तरी बघा. अपघाताची फिल्म दाखवली, आठवड्याने विचारलं फुटलेली काच दिसली का, आणि काच फिल्ममध्ये नव्हतीच. आधी ज्यांना 'गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा स्पीड किती' असं विचारलेलं त्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, नुसतं 'धडकल्या' विचारलेल्या ५० जणांत ७, आणि स्पीडचं काहीच न विचारलेल्या ५० जणांत ६. फरक मोठाय, मान्य, पण चुराडा ऐकूनही ३४ जण नाहीच म्हणाले त्यांचं कुणी नावच काढत नाही :) शिवाय सगळे स्टुडंट, कोर्टात शपथेवर उभं राहिलेलं कुणी नाही.