मदत हवी आहे: झेनॉन हेडलाइटचा बल्ब घरी बदलावा का?

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या सेडानला कंपनीतूनच झेनॉन हेडलाइट आहेत, डी२एस प्रकारचे बल्ब, ३५ वॅट. डावीकडचा हल्ली गुलाबी झाक मारतो आणि मधूनच विझतो. गणपतीला रात्री ताम्हिणी घाटातून जायचंय, त्याआधी काम उरकायला हवं.

साधे हॅलोजन मी स्वतः बदलतो. पण इथे दिवा पेटताना बॅलास्ट-इग्नायटरमधून (बल्ब पेटवणारा आणि त्याला वीज पुरवणारा भाग) २० हजार व्होल्टच्या वर झटका जातो, त्यामुळे हात घालायची भीती वाटते. लाइट बंद करून, चावी काढून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची हे ठरलंय. त्यानंतर किती वेळ थांबता? आणि बल्बमागची टोपी फिरवून काढताना इग्नायटरची काय काळजी घ्यायची? हे स्वतः केलेल्यांनी सविस्तर सांगा, ऐकीव नको.

काचेला बोट लावायचं नाही, हे माहीत आहे. दोन्ही बल्ब एकदमच बदलणार, नाहीतर दोन बाजूंचा रंग वेगळा दिसतो. दुकानदार ६००० केल्व्हिनचे (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा जास्त तितका निळसर) घ्या म्हणतो. मला मूळचे ४३०० च हवेत, पावसात रस्ता त्यातच नीट दिसतो. डी४एस हा दुसरा झेनॉन प्रकार घ्यायचा प्रश्नच नाही, तो ४२ व्होल्टवर चालतो, आमचा ८५ वर.

नवा बल्ब घेण्याआधी डावा-उजवा अदलाबदल करून बघू का? दोष बल्बबरोबर सरकला नाही, तर बॅलास्टच गेला समजायचं ना?

जुन्या बल्बमध्ये पारा असतो, कचऱ्यात टाकवत नाही. पुण्यात ते कुठे घेतात?