नाव नसलेली गोळी रूपावरून आणि चवीवरून ओळखता येते का?

बोरीकाठ :

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा बोरी नदीच्या पात्रात गोडीशेव, रेवड्या, फुटाणे आणि भत्ता यांच्या दुकानांच्या रांगेत सुट्ट्या गोळ्यांचेही एखाददुसरे दुकान असते. यंदा तिथून आणलेल्या मिसळीच्या गोळ्यांत संत्र्याच्या फोडी, लिमलेट, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या असे सगळे ओळखीचे प्रकार निघाले. एक प्रकार मात्र घरातल्या थोरामोठ्यांपैकी कोणालाही ओळखता आला नाही. तिला वेष्टन नव्हते, आणि दुकानदाराने सगळा माल एकाच परातीत ओतलेला असल्यामुळे बरणीवरचे नाव पाहण्याचीही सोय नव्हती.

गोळी पांढरी व अपारदर्शक असून तिच्यावर लांबीच्या दिशेने फिकट गुलाबी रेघा आहेत. दोन्ही टोके चिमटल्यासारखी आहेत, पण एका टोकाची कड आडवी तर दुसऱ्याची उभी आहे. तोंडात टाकल्यावर आधी नुसती साखर लागते, मग बडीशेपेचा वास येतो, त्यानंतर जिभेच्या शेंड्याला किंचित बधिरपणा जाणवतो आणि गोळी संपल्यावरही घशाशी गोडवा रेंगाळतो. दाताखाली घेतली तर वरचा थर भुसभुशीत आहे आणि गाभा कडक आहे.

ही पानाच्या स्वादाची गोळी आहे, असे माझे ठाम मत आहे. गुलाबी रेघ गुलकंदाची, वास बडीशेपेचा आणि बधिरपणा लवंगेचा, असे विड्याचे सगळे घटक इथे एकत्र आलेले आहेत. माझे म्हणणे एवढ्यापुरतेच नाही. डोळे, दात आणि जीभ नीट वापरली तर कोणतीही गोळी ओळखायला वेष्टनाची गरज पडू नये, असे मला वाटते. जाणकारांनी यावर मत द्यावे.

केळफूल :

बोरीकाठ यांनी वर्णन फार बारकाईने केले आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

गुलकंदाचेच घ्या. तुम्हाला गुलाबाचा वास आला, असे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. गुलाबी रंग दिसला आणि गुलकंद तुम्ही मनाने घातला. रंग जिभेला किती सहज फसवतो, याचा फ्रान्समधील बोर्दो येथे झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २००१ साली प्रकाशित झालेल्या त्या प्रयोगात द्राक्षमद्याचे शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या मद्यात वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्याच मद्याचे वर्णन त्यांनी लाल मद्यासाठी वापरायच्या शब्दांत केले. ज्यांचा अभ्यासच चव घेण्याचा, त्यांची ही गत झाली, तर परातीतली गोळी चाखणाऱ्या आपल्यासारख्यांनी रंगाला साक्षीदार करू नये, हे बरे.

बधिरपणाचीही तीच गोष्ट आहे. तो ज्या युजेनॉलमुळे येतो, ते लवंगेत भरपूर असते हे खरे, पण तुळशीत आणि दालचिनीच्या पानांच्या तेलातही ते असते. रेंगाळणाऱ्या गोडव्यावरून कोणी उद्या ज्येष्ठमध म्हणेल, कारण त्यातील ग्लिसिरायझिन साखरेच्या कित्येक पट गोड असून त्याची गोडी उशिरा येते आणि उशिरा जाते. तिसरा म्हणेल की बडीशेपेतले ॲनेथॉल स्वतःच गोड असते, तेव्हा ज्येष्ठमधाची गरजच काय? तिघांचीही जीभ खरे बोलत असेल आणि तरीही गोळीचे नाव कळणार नाही.

गिरणामाई :

खानदेशातल्या कोणत्याही जुन्या गोळीचा शोध रावळगावपाशीच सुरू व्हायला हवा, असे मला वाटते. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावी वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना उभारला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. पानाच्या स्वादाची ‘पान पसंद’ ही त्यांचीच. ही तीच असणार.

केळफूल :

गिरणामाई ताई, ‘पान पसंद’ वेष्टनात येते आणि ती यंत्रावरची गोळी आहे. बोरीकाठ यांची गोळी सुटी आहे आणि तिच्या दोन टोकांच्या कडाही एकमेकींशी जुळत नाहीत. आपल्याला जी गोळी आठवते तीच समोर आहे, असे मानण्याचा मोह या चर्चेत सर्वांत आधी टाळायला हवा. शिवाय तो गोळ्यांचा व्यवसाय फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतला, तेव्हा आज बाजारात मिळणारी गोळी आणि तुमच्या लहानपणची गोळी यांची चव ताडून पाहणेही सोपे राहिलेले नाही.

साखरपाक :

आमच्या घरी धुळ्याला साखरेच्या कामाची भट्टी होती. होळीच्या आधी हार-कंगन, एरवी बत्तासे आणि गोळ्या असे काम चाले. त्यामुळे या वादात मला दोन्ही बाजूंना थोडे अडवावेसे वाटते. केळफूल चवीबद्दल बोलत आहेत आणि चवीपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण रूपाला त्यांनी फारच स्वस्तात काढले. गोळी काय आहे हे जीभ सांगत नसेल. ती कशी केली हे तिचे अंग नक्की सांगते.

कडक गोळीचा पाक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात. तिथवर गेल्यावर त्यात पाणी शेकडा दोन-तीन भागच उरते, आणि पाक दगडी फरशीवर ओतून निवत आला की साखरेचे दाणे न होता ती काचेसारखी होते. तशीच साच्यात घातली तर लिमलेटची पारदर्शक गोळी तयार होते. तोच गरम गोळा भिंतीतल्या आकड्याला अडकवून पुन्हा पुन्हा ओढला, तर त्यात हवा शिरते आणि कोणताही रंग न घालता तो पांढरा आणि झळाळदार होतो. मग त्याच्यावर रंगीत पाकाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि सगळा गोळा लांबवत दोरीसारखा करायचा. पट्ट्याही त्याबरोबर बारीक होत जातात आणि त्यांच्याच या लांबीच्या रेघा होतात.

आता टोकांकडे या. यंत्राच्या रुळातून निघालेल्या गोळीला मधोमध शिवण असते; नखाने चाचपली तरी ती कळते. दोरी हाताने कात्रीने कापली आणि प्रत्येक कापाला पाव वळण दिले, तर एक कड आडवी आणि दुसरी उभी येते, ती अगदी बोरीकाठ सांगतात तशी. म्हणजे ही ओढलेल्या पाकाची आणि हाताने कापलेली गोळी आहे. ती मोठ्या कारखान्याची नाही. एखाद्या छोट्या भट्टीची आहे, एवढे मी ती न चाखता, केवळ वर्णनावरून सांगू शकतो.

भुसभुशीत थराबद्दल मात्र सावध राहावे. अशा गोळीने ओल धरली की वरून साखर पुन्हा दाणेदार होऊ लागते आणि हा बदल बाहेरून आत सरकतो. पाकात लिंबूसत्त किंवा लिक्विड ग्लुकोज कमी पडले असेल तर तो लवकर होतो. गोळी मुळातच भुसभुशीत बनवलेली असती तर ती गाभ्यापर्यंत सारखी असती. तुमच्या गोळीचा गाभा कडक आहे, म्हणून हा तिचा प्रकार नव्हे, हे तिचे वय आहे.

सुंठवडा :

मूळ प्रश्नाआधीचा एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही, तो म्हणजे अनोळखी गोळी चाखावी का. माझा व्यवसाय औषधे देण्याचा आहे आणि साखरेचे आवरण चढवलेल्या औषधी गोळ्या लहान मुले खाऊ समजून खातात, ही भीती आम्हाला नेहमीची आहे. परातीतला माल आणि घरात कुठेतरी सापडलेली सुटी गोळी यांत फरक आहे, हे मान्य. पण “जीभ वापरा” हा सल्ला वाचणारा प्रत्येक जण तो फरक करीलच असे नाही.

दुसरा मुद्दा गुलाबी रंगाचा. मिठाईत वापरायला परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजकेच आहेत आणि त्यांच्या प्रमाणावरही मर्यादा आहे. ऱ्होडामिन-बी हा कापड रंगवण्याचा गुलाबी रंग त्यांत नाही. तो सापडल्यामुळेच फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडू यांनी ‘म्हातारीचे केस’ म्हणून आपण ओळखतो त्या मिठाईवर बंदी घातली. परवानगीचा गुलाबी आणि बंदीचा गुलाबी डोळ्यांना सारखाच दिसतो आणि जिभेला दोन्ही कळत नाहीत. वेष्टनावर घटकांची यादी आणि १४ अंकी परवाना क्रमांक असतो, तो याचसाठी. म्हणून वेष्टनाची गरज नाही, या बोरीकाठ यांच्या विधानाला माझा स्पष्ट विरोध आहे.

बोरीकाठ :

सुंठवडा यांचा आक्षेप रास्त आहे आणि मुलांच्या बाबतीत तो मी पूर्णपणे मान्य करतो. मात्र ओळखणे वेगळे आणि खाण्याजोगी ठरवणे वेगळे. मी पहिल्याबद्दल लिहिले होते.

साखरपाक दादांचे वाचल्यानंतर एक गोळी काचेच्या पेल्यात पाण्यात टाकून पाहिली. घरात एक मत असे होते की ही दुधाची, श्रीखंडाच्या गोळीच्या जातीची असावी. तसे असते तर पाणी गढूळ झाले असते. गोळी पूर्ण विरघळल्यावर पाणी नितळ राहिले, फक्त फिकट गुलाबी झाले. म्हणजे पांढरेपणा दुधाचा नसून ओढताना शिरलेल्या हवेचाच. दुसरी मोडून उन्हात धरली, तर कडक गाभ्यात लांबीच्या दिशेने केसासारख्या बारीक नळ्या दिसल्या. त्याच पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला असता बुडबुडे आले नाहीत, तेव्हा आंबटपणाही नाही.

नाक दाबून चाखून पाहिल्यावर बडीशेप पूर्ण नाहीशी झाली आणि नुसती गोडी व बधिरपणा उरला. वासाचा भाग आणि जिभेचा भाग असे वेगळे काढता येतात, हे केळफूल यांनी लक्षात घ्यावे. थंडावा कुठेच नाही, म्हणून पुदिन्याचे मेंथॉल बाद. एवढे सगळे वेष्टनाशिवायच कळले ना?

केळफूल :

कळले, आणि त्याबद्दल कौतुकही आहे. पण काय कळले ते पुन्हा वाचून पाहा. दूध नाही, आंबट नाही, मेंथॉल नाही, यंत्राची नाही. सगळ्या नकारांची यादी पक्की आहे आणि होकारांत फक्त साखर, हवा आणि बहुधा बडीशेप आहे. पानाच्या गोळीपर्यंत पोहोचायला यातले काहीही पुरत नाही. नाक उघडल्यावर गुलाब आला का, याचे उत्तर अजूनही तुम्ही दिलेले नाही. रेघा दिसणार नाहीत अशा रीतीने, घरातल्या दुसऱ्या कोणाकडून डोळे बांधून ही गोळी आणि साधी बडीशेपेची गोळी आलटून पालटून तोंडात घ्या. तेव्हाही पान म्हणालात तर पुढे बोलू.

बोरीकाठ :

प्रयोग केला, आणि मी एकट्याने नव्हे. गुलाब कोणालाच सापडला नाही. बधिरपणा मात्र सगळ्यांना सापडला आणि साध्या बडीशेपेच्या गोळीत तो कोणालाही जाणवला नाही. त्यामुळे गुलकंद सोडून देतो, पण लवंग धरून ठेवतो. बडीशेप आणि लवंग एकत्र घालणाऱ्या माणसाच्या मनात जेवणानंतरचा मुखवास किंवा विडा असणार, हा तर्क मला अजूनही बळकट वाटतो.

साखरपाक :

तर्क बळकट आहे, पण भट्टीवाल्याचे मन इतके सरळ नसते. आमच्याकडे अर्काची बाटली जी स्वस्त मिळे ती पाकात जाई, आणि ओढलेला पांढरा गोळा एकच असला तरी रेघ आज गुलाबी, उद्या हिरवी असे. गिऱ्हाईक “त्या रेघेवाल्या” म्हणून मागे आणि आम्हीही तेच म्हणत असू. अशा गोळीला छापील नाव असेलच, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले आहे.

खरेच शोध घ्यायचा असेल तर यात्रेतल्या दुकानदाराने माल कुठून उचलला ते विचारावे. अमळनेरच्या बाजूचे बरेच जण जळगावच्या दाणा बाजारातून भरतात. तिथल्या ठोक दुकानात गोळी दाखवा आणि चव सांगू नका, टोके दाखवा. हाताने कात्री चालवणाऱ्या भट्ट्या आता इतक्या कमी उरल्या आहेत की माल कोणाचा, हे तिथे पटकन सांगतील.

सुंठवडा :

आणि भट्टी सापडली की रंग कोणता वापरता, तेही विचारून इथे लिहावे.