मदत हवी आहे: मिग्माटाइटमधल्या (अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या खडकातल्या) झिरकॉन खनिजाचं वय नक्की कशाचं? वितळण्याचं, गोठण्याचं की विरूपणाचं?

नमस्कार मंडळी. खंडांच्या टकरीतून उभ्या राहिलेल्या पर्वतांच्या मुळाशी खडक वितळला कधी आणि चेपला-ताणला गेला (म्हणजे विरूपण झालं) कधी, या दोन तारखा वेगळ्या काढताना प्रबंधाचं एक प्रकरण अडलंय. समस्थानिकांवर काम केलेल्यांनी जरा हात द्यावा.

नमुने हिमालयाच्या गाभ्यातले, म्हणजे मेन सेंट्रल थ्रस्ट या मोठ्या भ्रंशाच्या वरच्या स्फटिकी पट्ट्यातले मिग्माटाइट आहेत. बायोटाइटच्या (काळ्या अभ्रकाच्या) काळ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून पांढरट ल्युकोसोमच्या (वितळून गोठलेल्या भागाच्या) शिरा. काही शिरा पत्रणाला (खडकातल्या पदरांना) समांतर, काही ताणून तुटलेल्या थरांच्या फटींत साचलेल्या, आणि एक बोटभर जाडीचा डाइक (फटीत घुसून गोठलेला पाषाणरस) या सगळ्यांना आडवा कापत गेलेला. थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखालच्या खडकाच्या पातळ कापात) मस्कोव्हाइट, म्हणजे पांढरं अभ्रक, जवळपास संपलंय, त्याच्या जागी सिलिमनाइट आणि पोटॅश फेल्डस्पार ही खनिजं आलीत. थोडक्यात, बाहेरून पाणी न येता अभ्रकातलंच पाणी सुटून ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळण सुरू झालं. इथवर शंका नाही.

घोळ पुढे आहे. कॅथोडोल्युमिनेसन्सच्या (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण उजळवून घेतलेल्या) फोटोत झिरकॉनचे गाभे जुने दिसतात (५०० दशलक्ष वर्षं आणि त्याहूनही जुने), भोवती पातळ, गडद कडा. त्या कडांवर लेझरने युरेनियम-शिसे वयं (युरेनियमचं किती शिसे झालं त्यावरून काढलेली) घेतली, तर ती एका जागी जमत नाहीत. ऑलिगोसीन कालखंडापासून त्यानंतरच्या मायोसीनपर्यंत सलग पसरलीत. सरासरी काढून तेच वितळण्याचं वय म्हणून द्यावं, असा सल्ला मिळाला. मला तो पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाहीये.

शिवाय विरूपणाचं वय कुठून आणायचं? त्याच खडकातल्या बायोटाइटवर आर्गॉन-आर्गॉन (अभ्रकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याची पद्धत) करून घेतलं तर चालेल का? मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिजही भरपूर आहे, पण त्याचे काही बिंदू उलटे विसंवादी येतात, कॉनकॉर्डियाच्या (युरेनियम-शिशाची दोन्ही वयं जुळतात त्या वक्ररेषेच्या) वर जाऊन बसतात. यंत्राची चूक समजून ते टाकून देऊ का?

प्रतिसाद: अभ्रक

सरासरी अजिबात काढू नका. साखरेचा पाक उकळत असताना साखर विरघळलेली राहते, खडे धरतात ते निवताना. झिरकॉनचं बरंचसं असंच. तापमान चढत असताना झिरकॉन द्रवात विरघळतो, आणि नवी कड बहुतांशी द्रव थंड होताना चढते. म्हणून कडेचं वय हे बहुधा गोठण्याचं असतं, वितळायला सुरुवात झाली त्याचं नव्हे. या दोहोंमध्ये काही दशलक्ष वर्षांचं अंतर सहज असू शकतं. तुमची पसरलेली वयं म्हणजे मोजणीतला गोंधळ असेलच असं नाही. खडक तितका काळ अर्धवट वितळलेला राहिला असेल. मात्र आधी एक तपासा: लेझरचा खड्डा कड ओलांडून गाभ्यात घुसला असेल, तर येणारं वय मिसळीचं आणि निरर्थक असतं. मोजून झाल्यावर खड्ड्यांचे फोटो पुन्हा काढाच.

जुने गाभे टिकले यात नवल नाही. हिमालयातली ल्युकोग्रॅनाइटं (असाच द्रव गोठून झालेले फिकट ग्रॅनाइट) मुळात कमी तापमानाची, झिरकॉन पूर्ण विरघळवण्याइतकी धग त्यांच्यात नव्हतीच.

वितळण्याच्या आधीचा आणि सुरुवातीचा काळ हवा असेल तर मोनाझाइटकडे वळा, आणि वयाबरोबर त्याच बिंदूवरचं यिट्रियम हे मूलद्रव्यही मोजा. गार्नेट हे खनिज वाढत असतं तेव्हा यिट्रियम ते गिळतं, त्यामुळे त्या काळात वाढलेलं मोनाझाइट यिट्रियमच्या बाबतीत दरिद्री राहतं. पुढे खडक वर येताना गार्नेट मोडू लागलं की यिट्रियम मोकळं होतं आणि मोनाझाइटची बाहेरची कड त्याने भरते. गार्नेटच्या पोटात अडकलेले मोनाझाइटचे कण मिळाले तर सोनंच. द्रवाचा हात त्यांना सहसा लागत नाही.

ते उलटे बिंदू टाकू नका! मोनाझाइट थोरियम आवडीने घेतं, आणि त्याबरोबर युरेनियमच्या साखळीतलं थोरियम-२३०ही वाजवीपेक्षा जास्त येतं. त्याचं पुढे शिसे-२०६ होतं, आणि मग शिसे-२०६/युरेनियम-२३८ वय खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. अब्जावधी वर्षांच्या जुन्या खडकात हे खपून जातं, हिमालयासारख्या तरुण पर्वतात डोळ्यात भरतं. उपाय म्हणजे थोरियम-२३२ ते शिसे-२०८ वय वापरणं. नेपाळमधल्या मनास्लूच्या ग्रॅनाइटचे साधारण २३ आणि १९ दशलक्ष वर्षांपूर्वीचे दोन टप्पे याच पद्धतीने वेगळे झाले.

प्रतिसाद: गोटा

विरूपणाबद्दल थोडं. बायोटाइट आर्गॉन धरून ठेवू लागतं ते साधारण ३०० ते ३५० अंशांना, मस्कोव्हाइट ४०० च्या आसपास. तुमचा खडक त्याच्या कितीतरी वरच्या तापमानाला वाकलाय, त्यामुळे ते वय फक्त थंड होण्याचं येईल. त्यात बाहेरून घुसलेला जास्तीचा आर्गॉन असला तर तेही नाही. पट्ट्याच्या वरच्या बाजूला शिअर झोन (खडक एकमेकांवरून सरकून चेपले गेले तो पट्टा) कमी तापमानाचा असेल आणि अभ्रक त्यातच नव्याने वाढलेलं असेल, तरच हा खर्च करावा.

तुमची खरी घड्याळं म्हणजे त्या शिरा. फटींत साचलेल्या शिरेतले कण न चिरडता, अग्निज बांधणीतच असतील, तर खडक ताणला जात होता तेव्हा द्रव हजर होता असं म्हणता येतं. क्वार्ट्झच्या ओढलेल्या फिती दिसत असतील तर ताण गोठल्यानंतरही चालू होता. आडवा डाइक स्वतः पत्रित नसेल तर त्याच्या वयापूर्वी विरूपण थांबलं. एव्हरेस्टच्या उत्तरेला रोंगबुक खोऱ्यात साउथ टिबेटन डिटॅचमेंट या, स्फटिकी पट्ट्याच्या वरच्या बाजूच्या भ्रंशाची हालचाल अशीच ल्युकोग्रॅनाइटच्या आधाराने पकडली, वयं १६-१७ दशलक्ष वर्षांच्या घरातली. पण हे अनुमान शिअर झोनच्या आतल्या डाइकलाच लागू. झोनच्या बाहेर पडलेला डाइक अविरूपित असणारच, त्यातून काही सिद्ध होत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. डाइक पत्रणाला कापतो ते ठिकाण शिअर झोनच्या आतच आहे, आणि त्याच्या कडेचं क्वार्ट्झ किंचित ओढल्यासारखं दिसतंय, मधलं नाही. याचा अर्थ काय धरू?

प्रतिसाद: गोटा

शेवटच्या टप्प्यात आला, विरूपण संपत असताना. डाइकच्या मधल्या भागातलं मोनाझाइट मोजा, थोरियम-शिसे पद्धतीनेच. आणि मोजण्याआधी प्रत्येक कण थिन सेक्शनमध्ये कशाला चिकटून बसलाय त्याचा फोटो ठेवा. कण एकदा चुरून वेगळे केलेत की ती माहिती परत मिळत नाही.