पाच लाखांचं लोन काढून खाजगी कॉलेजात बीएस्सी नर्सिंग, करावं का?

अंबाजोगाईचा_मामा:
भाचीला नर्सिंगच करायचंय, सीईटी दिलीये, पण मार्क बघता सरकारी कॉलेज लागेल असं वाटत नाही. पुण्याकडच्या एका कॉलेजचे रोज फोन चालू आहेत, मॅनेजमेंट कोट्यातून सीट आत्ताच पक्की करा, टोकन म्हणून १० हजार भरा. फी वर्षाला १ लाख, हॉस्टेल-मेस धरून चार वर्षांत पावणेसात लाख. दाजी म्हणतात पाच लाख लोन काढू, वरचं सोयाबीनवर बघू.

माझं म्हणणं, काढू नका. काल रात्री वही घेऊन बसलो. दरवर्षी सव्वा लाख उचलले, व्याज १०.५ टक्के, कोर्स संपून एक वर्षापर्यंत हप्ता नाही पण व्याज चालूच, म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा पाचाचे जवळपास ६ लाख ८४ हजार झालेले. दहा वर्षांत फेडायचे तर महिना ९,२०० रुपये. आमच्या गल्लीतली एक पोरगी गेल्या वर्षी बीएस्सी करून पुण्यात लागली, तिने मला मोबाईलवर पगाराची स्लिप दाखवली, १६,५०० मधून कापून हातात १४,२०० येतात. कॉट बेसिसवर राहते त्याचे ५,५००, डबा ३,०००. राहिले ५,७००, त्यात ती गावाकडे कधी यायची आणि ९,२०० कुठून आणायचे? दाजींसमोर कॉलेजचं माहितीपत्रक असतं, त्यात जर्मनीचा पगार छापलाय. लोन पहिल्या पगारावर मोजायचं, जर्मनीच्या नाही.

सिस्टर_नागपूर:
मामा, आकडे बरोबर आहेत तुमचे पण तुम्ही पहिलंच वर्ष मोजलंत, नर्स तीस वर्षं नोकरी करते. मी २०१४ ला खाजगी कॉलेजातून पास झाले, लोन तीन लाख. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली, खोटं कशाला सांगू, नाईट संपवून आलं की सकाळी पोहे आणि मग थेट रात्रीचंच जेवण. पण तिसऱ्या प्रयत्नात सरकारी लागले. राज्यात अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचं, बेसिक ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं. केंद्रात, म्हणजे एम्स वगैरे, बेसिक ४४,९००. माझं लोन मुदतीच्या चार वर्षं आधी फिटलं. वडिलांनी तेव्हा तुमच्यासारखी वही काढली असती तर आज मी गावातच असते. पोरीला आवडतंय ना, मग एवढं घाबरवू नका.

आयसीयू_सात_वर्षं:
ताई, तुमचं लागलं, मनापासून आनंद आहे, पण माझ्या बॅचच्या ४२ जणींमधल्या ५ सरकारीत आहेत. बाकीच्या ३७ जणींचं काय? भरती कधी निघेल याचा नेम नाही, निघाली की वर्षानुवर्षं थांबलेल्या सगळ्या एकदम फॉर्म भरतात.

आणि एक गोष्ट कुणी बोलतच नाही. हप्ता चालू असला की नोकरी सोडून अभ्यासाला बसता येत नाही. माझा हप्ता ५ तारखेला, पगार कधी ७ ला कधी १० ला, मग बाऊन्सचा दंड वेगळा. तो चुकवायला मी डबल ड्युट्या घेतल्या आणि पुस्तक उशाखालीच राहिलं. म्हणजे ज्या सरकारी नोकरीच्या भरवशावर लोन काढलं, तिची परीक्षा त्या लोनमुळेच देता आली नाही मला. ओरिजिनल कागदपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतलेली, त्यामुळे दुसरीकडे जायचंही बंद.

२०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर केंद्राची समिती बसली, तिने शिफारस केली की २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार द्या आणि ५० च्या आतल्या हॉस्पिटलनेही २० हजारांच्या खाली जाऊ नका. आमचं हॉस्पिटल २०० च्या वरचं आहे. मी १३ हजारांवर लागले होते, शिफारशीनंतर.

ब्रदर_कोल्हापूर:
जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, का कुणी धरत नाही? तीन वर्षं, खर्च कमी, माझं सगळं मिळून दोन लाखांत झालं. राज्याच्या भरतीत चालतं, एम्सच्या परीक्षेला ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो कमवता कमवता होतो. पुढे पोस्ट बेसिकचा कोर्स दोन वर्षं केला की बीएस्सी हातात.

सिस्टर_नागपूर:
बीएस्सी हातात येते हो, पण एकूण पाच वर्षं जातात, आणि संसार सुरू झाल्यावर पोस्ट बेसिकला परत जाणाऱ्या मुली मी फार थोड्या बघितल्यात. एमएस्सी करून शिकवायचं असेल तर सरळ बीएस्सीच बरी. सात वर्षंवाल्या ताईंचं परीक्षेचं म्हणणं मात्र खरंय, मला तेव्हा भावाने सहा महिने हप्ता भरला होता, ते मी वर लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

बँकेतली_काकू:
मामा, लोनचं नंतर, आधी ते टोकन थांबवा. ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खाजगी कॉलेजातही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, हवा. मॅनेजमेंटची सीट घेतली की माफी गेली. फोन करणारा हे कधीच सांगणार नाही. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर असते, मागतायत ती पडताळून बघा. आणि लोन घ्यायचंच झालं तर चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर मुद्दल वाढत नाही. माझ्या टेबलासमोर बसून रडलेले बाप बघितलेत म्हणून सांगते.

अंबाजोगाईचा_मामा:
काकू, आम्ही ओबीसीच, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दाजींना फोन केला, टोकन शनिवारी भरणार होते, थांबलेत. सोमवारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला जातोय, नॉन क्रिमीलेअरचंही बघतो. कॅपमध्ये लागलं तर हॉस्टेल-मेसपुरतं दोन लाखांपर्यंत लोन मला चालेल, त्याच्या वर नाही. नाहीच लागलं तर जीएनएम.

सिस्टर_नागपूर:
नाही लागलं तर एक वर्ष थांबून सीईटी परत देऊ द्या, लगेच जीएनएमला ढकलू नका. आणि तिला विचारलंत का? सगळं तुम्ही आणि दाजीच ठरवताय.

अंबाजोगाईचा_मामा:
विचारलं नव्हतं. आत्ता माझ्या शेजारीच बसून हे वाचतीये. ती म्हणते ताईंना विचार, पहिली नाईट एकटीला कधी देतात?